आजची बचत : शून्य

अंबडला मी चार वर्षं ज्यांच्या घरात भाड्याने राहिले, ते काका दुकानाचं बिल खालून वर वाचत. आपण आधी काय काय घेतलं ते बघतो, मग एकूण आकडा बघतो आणि मग कपाळाला हात लावतो. काकांची रीत उलटी होती. जालन्याच्या त्या मोठ्या दुकानाच्या बिलात अगदी तळाशी, 'धन्यवाद, पुन्हा या'च्या वर एक ओळ असायची : 'तुमची आजची बचत'. काका कपाळावरचा चष्मा खाली घेत, ती ओळ वाचत, थोडं थांबत आणि मगच बाकीच्या बिलाकडे वळत. बचत शंभराच्या वर असली की परतीच्या एसटीत शेजारच्या माणसाला ती सांगत. कमी असली तर अंबड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसत.

मी तेव्हा पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून नवीन लागले होते. माहेर परभणीचं, अंबडात ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. खोली बघायला गेले तेव्हा पगार किती, लग्न कधी, पाहुणे किती येतात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी बसमध्ये पाठ करून ठेवली होती. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"म्याडम, पेपर कोणता घेता?"

मी म्हटलं, मी मोबाइलवरच वाचते. काकांचा चेहरा पडला. आतून काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला पानी तरी इचारा." पाणी आलं, चहा आला आणि चहा संपेपर्यंत ठरलं की, वरच्या दोन खोल्या मला मिळतील, मात्र मी पेपर लावायचा आणि तो काकांच्या पेपरपेक्षा वेगळा असला पाहिजे. दोन पेपर म्हणजे दोन्हींतली कुपनं आणि दोन्हींत घातलेली जाहिरातीची पत्रकं. पेपर आधी खाली जायचा, मग वर यायचा. चार वर्षं मी जागोजागी खिडक्या पाडलेला पेपर वाचला. शेवटी माझी जालन्याला बदली झाली, तीसुद्धा काकांनीच मला सांगितली. जिल्ह्याच्या पानावर यादी आली होती आणि माझं नाव नेमकं एका चहापत्तीच्या कुपनाच्या मागे होतं.

"अभिनंदन," काका म्हणाले, "पन हे कुपन काय मी देनार न्हाई. वाचून परत करा."

नोकरीत असताना काका अंकुशनगरला साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. एकतीस वर्षं. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, खाली झाली की रिकामी तोलायची, मधला फरक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. एवढं एक काम एकतीस वर्षं केल्यावर माणसाला जगात दुसरं काही दिसेनासं होतं. "म्याडम, छापलेली किंमत म्हंजी भरलेली गाडी," ते मला समजावत. "आपन दिलेली किंमत म्हंजी रिकामी गाडी. मधला फरक तेवढा आपला. बाकी सगळं लोकाचं." आणि दुसरं त्यांचं नेहमीचं वाक्य : "छापलेली किंमत वाचायला असती, द्यायला न्हाई."

काट्यावरची आणखी एक सवय त्यांच्या अंगात भिनली होती. त्यांना कागद फाडता येत नसे. चिठ्ठी म्हणजे कुणाचा तरी ऊस, ती फाडली तर माणूस बुडाला. त्यामुळे घरात सगळ्या पावत्या जपलेल्या. एसटीची तिकिटंसुद्धा महिनावार दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगलेली असत. कुपनांसाठी कारखान्यातली एक रेक्झिनची पिशवी होती, तिला आत सहा कप्पे. कप्प्यांवर बॉलपेनने लिहिलेलं : साबण, तेल, चहा, बिस्कीट, इतर आणि शेवटचा कप्पा 'संशयित'. ज्या कुपनाची मुदत घामाने पुसली गेली असेल ते संशयितांत जाई. संशयितांना काका नेहमी गर्दीच्या वेळी काउंटरवर काढत, तेव्हा त्यांची तपासणी कमी होते म्हणून.

मी त्यांना कंजूष समजत होते. अख्खी गल्लीच समजत होती. माझा राग मात्र वेगळ्या कारणाने होता आणि ते कारण काकूंचे हात.

अंबडला आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. त्या दिवशी टाक्या, पिंपं, घागरी, जे काही भांडं म्हणून घरात असेल ते भरायचं आणि आठवड्याचे सगळे कपडे धुवायचे. काकूंना संधिवात होता. बोटांची पेरं हळकुंडासारखी सुजलेली. तरी त्या मोरीत बसून आठ दिवसांचं धुणं आपटत आणि पिळत. मी मदतीला गेले तर, "तुझं हापिस हाय, जा तू," म्हणून हाकलत. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी खाली नेहमी खिचडी असायची. मला आधी वाटलं, यांचा उपवास असेल, पथ्य असेल. मग एकदा लक्षात आलं की, त्या दिवशी काकूंना भाकरी थापता येत नाही. पिठावर हात टेकतच नाहीत. एरवी सकाळी आठला खालून भाकरीचा थाप थाप आवाज यायचा, तो त्या दिवशी यायचा नाही. मला त्या न येणाऱ्या आवाजाने फार वाईट वाटे आणि खाली कुपनं कापत बसलेल्या काकांचा संताप येई.

एक दिवस मी तोंड उघडलंच. काका ओसरीवर कात्री घेऊन बसले होते.

"काका, कपडे धुवायचं मशीन का घेत नाही? आणि बारीकसारीक बचत करून काय करायचंय?"

काकांनी कात्री ठेवली. आत बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोला. तुमाला काय वाटतं, मला कळत न्हाई? पोरानं पुन्याहून मिक्सर आनल्ता. चार हजाराचा, पुऱ्या किमतीचा. तुमच्या काकूनं एकदा फिरवला अन् फडक्यात बांधून कपाटात ठेवला. सा वर्षं झाली. पाट्यावर वाटती, पन मिक्सर काढत न्हाई. का? महागाचा हाय, खराब व्हईल. अन् हा कुकर बघा. तेलाच्या डब्यावर कुपन होतं, त्याच्यावर फुकट आला. पहिल्या दिवसापासून वापरून राह्यली. फुकटची चीज हाय ना, जीव गुंतत न्हाई तिच्यात." त्यांनी पुन्हा आत बघितलं. "मशीन मी उद्या आनीन हो. ते बी फडक्यात बांधून ठेवंल. मशीन आलं तर फुकटच आलं पाहिजे. तरच ते ती वापरंल."

नवऱ्याने बायकोबद्दल इतका विचार केलेला मी आमच्या घरात तरी पाहिला नव्हता. पण कंजूष माणसं स्वतःच्या कंजूषपणाला किती सुंदर कारणं देतात हेही मला माहीत होतं, म्हणून मी निकाल राखून ठेवला.

त्या वर्षी गुढीपाडव्याला जालन्याच्या दुकानाने योजना काढली. हजार रुपयांच्या बिलावर एक कुपन. शंभर घरं असलेलं एक जाड कार्ड मिळायचं, त्यावर कुपनं चिकटवायची, शंभर घरं भरली की कपडे धुण्याचं मशीन मोफत. कार्डावर मशीनचं चित्र होतं, निळ्या झाकणाचं. अट दोन ओळींत : एका बिलावर एकच कुपन, बिल कितीही मोठं असो. कार्ड दसऱ्यापर्यंत दुकानात जमा करावं.

काकांनी कार्ड आणून काकूंना दाखवलं. काकू म्हणाल्या, "शंबर हजाराचं सामान आपन दोघं खाऊन मरू." पण चित्र मात्र बराच वेळ हातात धरून बघत बसल्या. ते काकांनीही पाहिलं आणि मीही.

मग काकांनी गल्ली हाती घेतली. अकरा घरं. करार असा की, प्रत्येकाने महिन्याची यादी आणि पैसे काकांकडे द्यायचे, काका जालन्याहून सामान आणून दारात पोचवणार. दुकानाची सूट ज्याची त्याला, कुपन काकांचं. सत्तरीचा माणूस, पण ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटात बसून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आठवड्यातून दोनदा जालना-अंबड करू लागला. कंडक्टर म्हणायचा, "काका, मानसाचं तिकीट अर्धं हाय, साखरेचं न्हाई." काका म्हणायचे, "मंग साखरेला उतरवा अन् मला नेऊन सोडा." गल्लीत त्यांना कुपनकाका म्हणू लागले. त्यांना ते नाव आवडत होतं असं मला वाटतं, कारण त्यांनी त्यावर एकदाही आक्षेप घेतला नाही आणि आक्षेप तर ते छापलेल्या किमतीलासुद्धा घेत.

वैशाखात तीर्थपुरीला त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. काकांनी बहिणीला फोन करून सांगितलं की, लग्नाचा सगळा किराणा मामाकडून. बहिणीला वाटलं, मामा आहेर करतोय. तिने डोळे पुसले म्हणे. मामांनी तिच्याकडून अडतीस हजार आणि वर थोडे सुटे घेतले, रविवारी मला सोबत घेतलं आणि दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभे राहिले.

एका बिलावर एकच कुपन. म्हणून काकांनी अडतीस हजारांची अडतीस बिलं करायची ठरवली होती. घरी आठ दिवस बसून कागदावर हिशोब जुळवला होता. शेंगदाणे आणि गूळ मिळून एक हजार तीन. तेल आणि हळद एक हजार एक. बिल हजाराच्या वर गेलंच पाहिजे, पण गेलेला प्रत्येक रुपया वाया, अशी ती कसरत. काउंटरवरच्या मुलीने सहाव्या बिलापर्यंत हसून घेतलं. बाराव्या बिलाला तिने चहा मागवला. विसाव्या बिलाला मागची रांग भाजीच्या विभागापर्यंत गेली आणि एक गृहस्थ ओरडले, "ओ काका, जल्दी करा ना, वरात निघाली का तुमची?" काका मागे वळून शांतपणे म्हणाले, "वरात बुधवारी हाय. तीर्थपुरीला. या." आणि एकविसावं बिल पुढे सरकवलं.

तेहतिसावं बिल हजाराच्या फक्त पन्नास पैसे वर आलं. काकांनी ते मला दाखवलं. मी इतक्या वर्षांत कुणाच्या चेहऱ्यावर असं समाधान पाहिलं नाही, मुलगा कलेक्टर झालेल्या बापाच्याही नाही. मला मात्र त्या दिवशी भयंकर लाज वाटली होती. मी बिस्किटांच्या कपाटामागे उभी राहून साखरेच्या गोण्या मोजत असल्याचं नाटक करत होते.

सप्टेंबर संपता संपता नव्व्याण्णव घरं भरली. शंभरावं कुपन माझं. हजार पुरे व्हावेत म्हणून मी शेवयांची चार पाकिटं जास्त घेतली, ती पुढे वर्षभर खाल्ली.

आता कुपनं चिकटवण्याचं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथे झाला. डिंकाची बाटली तीस रुपयांना होती. काकांनी ती हातात घेऊन परत ठेवली. कारखान्यात सगळे कागद खळीने चिकटवत, तशी त्यांनी घरी मैद्याची खळ शिजवली. कारखान्यातल्या खळीत मोरचूद घालत, त्यामुळे तिला कीड-उंदीर लागत नसे. पण मोरचूद विषारी, आणि काकूंनी स्वैपाकाच्या पातेल्यात विष शिजवू दिलं नाही. काका म्हणाले, "राहू दे, सा म्हयन्याचा तर प्रश्न हाय." शंभर कुपनं, शंभर बोटं मैद्याची खळ. कार्ड चांगलं पुरणपोळीएवढं जाड झालं होतं.

कार्ड भरलं त्याच आठवड्यात घट बसले. काकांनी ठरवलं की मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावर आणायचं. योजनेचा शेवटचा दिवसही दसराच. तोवर कार्ड देवीपाशी ठेवू, तिचा आशीर्वाद राहील. म्हणून ते देव्हाऱ्याखाली घटाला टेकवून ठेवलं. एकदा घट बसला की नऊ दिवस तिथलं काही हलवायचं नाही, झाडायचंसुद्धा नाही. काकू तेवढ्या रोज वाकून घटाला पाणी घालत, माळ चढवत. घटाच्या मातीत पेरलेला गहू होता. गव्हाच्या वासाने जे यायचं ते आलं आणि त्याला गव्हाशेजारी मैदाही मिळाला.

दसऱ्याला सकाळी काकू दारात रांगोळी काढत होत्या. काका घट हलवून कार्ड घ्यायला गेले. पाच मिनिटांनी ते माझ्या दारात उभे होते. हातात कार्ड, म्हणजे कार्डाची डावी बाजू. उजवीकडे नुसती झालर.

"एकेचाळीस शाबूत हायेत," ते म्हणाले. मला त्यांचा आलेला सगळा राग त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही.

आम्ही दोघं जालन्याला गेलो. दुकानाचा मॅनेजर पंचविशीतला, नम्र मुलगा होता. त्याने कार्ड दोन बोटांनी उचललं.

"काका, शंभर पाहिजेत. हे तर…"

"शंबर होते. म्याडमला इचारा."

"हो, पण आता नाहीत ना. वरती हिशोब द्यावा लागतो मला."

"उंदरानं खाल्लेलं कुपन म्हंजी वापरलेलं कुपन धरता का न वापरलेलं?"

मॅनेजरने यावर खरोखर विचार केला. मग म्हणाला, "काका, मला अधिकार नाही. पण तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक, तुम्हाला माझ्याकडून ही बादली."

काकांनी बादली घेतली. बादली परत करण्याचा प्रश्न नव्हता.

मग ते मशीनच्या विभागात गेले. कार्डावरच्या चित्रातलं निळ्या झाकणाचं मशीन तिथे मांडलेलं होतं. त्याच्यासमोर बादली हातात घेऊन किती वेळ उभे होते! मी म्हटलं, "काका, ते शेजारचं मोठं घ्या, त्याला दसऱ्याची सूट आहे." सेल्समनही तेच म्हणाला; निळ्याला काहीच सूट नव्हती, ते योजनेतलं म्हणून. काका म्हणाले, "न्हाई. सा म्हयने तिनं हेच चित्र बघितलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, एटीएम कुठं हाय इथं?"

पैसे त्यांनी दोनदा मोजले, काउंटरवरच्या मुलीने एकदा. तीच मुलगी होती, अडतीस बिलांची. तिने विचारलं, "काका, कुपन?" काका म्हणाले, "नको आज." मुलीने माझ्याकडे घाबरून पाहिलं.

बिल आलं. काकांनी चष्मा खाली घेतला आणि सवयीने तळाची ओळ वाचली. तुमची आजची बचत : ०.००. त्यांनी ते वर धरून पाहिलं, मग बाकीचं बिल वाचलंच नाही.

टेम्पोत बसण्याआधी काकांनी रस्त्यावरून झेंडूचा हार घेतला आणि मशीनला घातला. दसऱ्याला सगळ्याच गाड्यांना हार असतात, तसा तोही शोभला. जालन्याच्या बाहेर पडल्यावर त्यांनी खिशातून बिल काढलं.

"हे घरात राहू शकत न्हाई. अन् मला फाडता येत न्हाई. तुमच्यापाशी ठेवा." मग दोन रुपयांचं नाणं दिलं. "झेरॉक्स मारून ठेवा, ह्या कागदावरची शाई उडती. मोटरची पाच वर्षं वारंटी हाय."

गल्ली दारात जमली होती. अकरा घरांनी आपापली कुपनं फळाला आली म्हणून पेढे मागितले. उंदराचं गुपित आम्हा दोघांतच राहिलं. काकूंनी मशीनला कुंकू लावलं आणि एकच विचारलं, "खर्चा काही?"

"टेम्पोचे दिले फक्त."

"टेम्पोला कशाला घातले तेवढे," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या पाण्याच्या दिवशी काकूंनी फुकटात आलेल्या त्या बादलीने मशीनमध्ये पाणी ओतलं आणि मशीन फिरलं. मी वरच्या जिन्यात उभी राहून ऐकलं. खरं ऐकायचं होतं ते दुसऱ्या दिवशी. सकाळी आठला खालून थाप थाप आवाज आला. मी ऑफिसला जायचं सोडून पायरीवर बसून राहिले. खोटं कशाला बोलू, मी रडले.

त्यानंतर बदली झाली, लग्न झालं, जालन्यातच घर झालं. बिल माझ्या कागदांच्या फायलीत माझ्याबरोबर फिरत राहिलं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी दारात काकू. एकट्या, अर्ध्या तिकिटात आलेल्या. मी पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "पावती दे, बाई."

"कसली पावती, काकू?"

"मशीनची. मोटर गेली. पाच वर्षं वारंटी हाय, पन दुरुस्तीवाला म्हनतो पावती पाहिजे. घरात न्हाई, अन् ह्यांना फाडता येत न्हाई, म्हंजी तुझ्यापाशीच. ह्यांना म्हनले, बहिनीकडं जाऊन येते."

मी म्हटलं, "पण ते तर कुपनांवर मिळालं होतं…"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने खाली बसले.

"सातव्या माळेला पाह्यलं मी," त्या म्हणाल्या. "घटाला पानी घालाया वाकले, तर कार्डाची कड गेल्ती. आठव्या माळेला निम्मं गेल्तं."

"मग काकांना सांगितलं का नाही?"

"घट बसलेला. हलवता येतंय का? अन् सांगून काय चिकटनार होतं का ते? मंग म्हटलं, बघू तर खरं, आता हे काय करतेत." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "लई भ्या वाटलं गं त्या दिवशी. तुमी दोघं गेल्ते तवा. मशीनचं काय न्हाई, हात तर असेबी चालून राह्यले होते. पन बेचाळीस वर्षांत या मानसानं पुरी किंमत कशाला दिली न्हाई. माझ्या मंगळसूत्राला बी घासाघीस केल्ती, ते मी ऐकलंय. मला वाटलं, रिकाम्या हातानं आले तर मी काय समजायचं? मंग टेम्पो आला."

मी विचारलं, "काकू, आणि तो मिक्सर? काका म्हणतात, तुम्ही पुऱ्या किमतीची वस्तू वापरतच नाही. म्हणून तर त्यांनी हे सगळं…"

"मिक्सर?" काकू म्हणाल्या. "त्याचं भांडं गळतंय. पोराला वाईट वाटू ने म्हनून बोलले न्हाई."

सहा महिन्यांच्या एसटीच्या फेऱ्या, अकरा घरांचा किराणा, अडतीस बिलं, झेंडूचा हार, हे सगळं एका गळक्या भांड्यावर उभं होतं. मला हसू आवरेना. काकूही हसल्या, तोंडाला पदर लावून.

मी फाइल काढली. मूळ बिल पांढरंफटक पडलं होतं, काकांनी सांगितलं होतं तसं. झेरॉक्सवर सगळं स्वच्छ होतं. काकूंनी ती डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "ते बचतीचं कुठं लिहिलेलं असतंय? हे नेहमी वाचतेत ते?"

मी तळाची ओळ दाखवली. काकूंनी त्यावर बोट ठेवलं. बोट जाड, त्या शून्यावर ठेवलं तर शून्य दिसेना. त्या बोट उचलत आणि पुन्हा ठेवत राहिल्या. मी चहा करायला आत गेले आणि मुद्दाम उशीर केला.

निघताना त्यांनी झेरॉक्स पिशवीत टाकली आणि मूळ कागदही मागितला. मी म्हटलं, "काकू, तो कोरा झालाय, दुरुस्तीवाल्याला नाही चालायचा."

"दुरुस्तीवाल्याला कुठं द्यायचाय," त्या म्हणाल्या. "अन् हे बघ, त्यांना सांगू नको."

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. आवाजात बचत शंभराच्या वरची होती.

"म्याडम, मशीन बंद पडल्तं. कंपनीनं मोटर फुकट बदलून दिली! अन् पावती न्हाई, काही न्हाई. मी घरी नव्हतो, तुमच्या काकूनं एकटीनं बोलून करून घेतलं. मला बी जमलं नसतं बघा. लई हुशार बाई हाय."

"आहेच," मी म्हटलं.

मग काकांचा आवाज खाली आला, ओसरीवर आत बघून बोलायचे तसा.

"ती पावती हाय ना अजून तुमच्यापाशी? नीट ठेवा. तिच्या हाती लागू देऊ नका. कळलं तर मशीन फडक्यात बांधून ठेवंल ती."

"नाही लागू देणार, काका," मी म्हटलं.